तुमची सॅक कोण उचलतंय?

पाऊस ओसरला की दरवर्षी ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, ‘तीन-चार दिवसांच्या ट्रेकसाठी सॅक घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ दहा मिनिटांत उत्तरं येतात. ‘70 लिटर घे.’ ‘60 च्या खाली जाऊ नकोस.’ ‘मोठी असलेली बरी, पुढे हिमालयात पण चालेल.’ विचारणाऱ्याची उंची किती, वजन किती, जायचं कुठे, पाणी कुठे मिळणार, रात्री टेंटमध्ये झोपायचं की गावात कुणाच्या ओसरीवर, हे एकही जण विचारत नाही. साधी चप्पल घेतानासुद्धा दुकानदार पायाचा नंबर विचारतो. इथे पाठीवर तीन दिवस वागवायची वस्तू आपण दुधाच्या कॅनसारखी लिटरवर विकत घेतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठी सॅक घेऊ नका. जी घ्याल ती पाठीला मापून घ्या, स्वतः भरा आणि स्वतः उचला. उचलवत नसेल तर सामान कमी करा, उचलणारा माणूस किंवा जनावर शोधू नका. हे ऐकायला हट्टी वाटेल, पण सॅकच्या आकाराचा प्रश्न शेवटी ‘हे ओझं कुणाच्या अंगावर पडणार’ याच प्रश्नावर येऊन थांबतो. ते तुमच्या गुडघ्यांवर पडेल, ग्रुपमधल्या एखाद्या भल्या मित्रावर पडेल, नाहीतर उत्तराखंडातल्या एखाद्या खेचरावर पडेल. हवेत काही जात नाही.

मोठ्या सॅकचा पहिला दोष असा की ती भरते. घरात माळा असला की माळा भरतो, तसंच. 70 लिटरच्या सॅकमध्ये अर्धी जागा उरली की ती रिकामी ठेवणं माणसाला बघवत नाही. मग सुरू होतं ‘असू दे’. जीन्स? असू दे, परतीच्या गाडीत घालायला. दुसरी पॉवर बँक? असू दे. डिओ, तीन टी-शर्ट जास्तीचे, कुणीतरी आग्रहानं दिलेला लाडवांचा स्टीलचा डबा, आत एकावर एक ठेवलेली आणखी दोन भांडी. असू दे, लागलं-सवरलं तर. मराठी घरातून निघणाऱ्या प्रत्येक सॅकमध्ये सगळ्यात जड वस्तू हीच असते. यात आईचा दोष नाही. ती एसटीच्या प्रवासाला निघाल्यासारखं सामान भरून देते, कारण एसटीत सामान सीटखाली जातं. तुमचं सामान तुमच्या मणक्यावर बसणार आहे, हे तिला सांगायची जबाबदारी तुमची होती.

शिवाय रिकामी सॅकही वजन घेऊन येते. 70 लिटरची चांगली भरभक्कम सॅक स्वतःच दोन-सव्वादोन किलो भरते. म्हणजे एक मोजासुद्धा आत टाकण्याआधी तुम्ही दोन बाटल्या पाण्याएवढं ओझं पाठीला बांधलेलं असतं.

आता मापाबद्दल. लिटर हे पोटाचं माप झालं, सॅक बसते पाठीवर. मान खाली वाकवली की मागे जो एक मणका ठळक उठून दिसतो, तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपनं मोजा. आरशासमोर एकट्याला जमत नाही, घरातल्या कुणालातरी टेप धरायला सांगा. ही तुमच्या धडाची लांबी, आणि सॅक हिच्यावरून निवडायची. उंचीशी तिचा संबंध असेलच असं नाही. सहा फुटी माणसाचे पाय लांब आणि धड आखूड असू शकतं, आणि सव्वापाच फुटी मुलीचं धड त्याच्याएवढंच निघू शकतं.

या मोजण्याला एवढं महत्त्व का, तर सॅकचं वजन खांद्यांनी उचलायचंच नसतं. ते कमरेनं उचलायचं असतं. कमरेचा रुंद पट्टा त्या दोन हाडांवर बसला आणि घट्ट आवळला, की वजनाचा मोठा भाग थेट मांड्यांकडे, पायांकडे उतरतो. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात दणकट. खांद्याचे पट्टे फक्त सॅक पाठीला धरून ठेवतात. पट्टा दोन बोटं खाली सरकला तर तो कुल्ह्यांवरून घसरतो आणि सगळं वजन खांद्यांवर लोंबतं, दोन बोटं वर चढला तर पोट आवळतो आणि श्वास अडकतो. हा कमरेचा पट्टा काही अनादी काळापासून चालत आलेला नाही. कॅलिफोर्नियात डिक केल्टीनं 1952 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या आणि कमरेवर वजन घेणाऱ्या सॅक विकायला सुरुवात केली. 1967 मध्ये ग्रेग लो यानं सांगाडा सॅकच्या आत घेतला, आणि आज आपण वापरतो ती सॅक तिथून आली. म्हणजे एवढा सगळा खटाटोप खांद्यावरचं ओझं कमरेवर आणण्यासाठी झाला. आणि आपली पोरं कमरेचा पट्टा मोकळा लोंबत ठेवून चालतात, कारण तो लावला की फोटोत पोट दिसतं.

इथे मला एक गोष्ट जरा रागानं सांगायची आहे. ट्रेकला येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी भाड्याच्या किंवा भावाच्या सॅक घेऊन येतात. त्या सॅक पुरुषांच्या धडाच्या मापाच्या असतात. पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीच्या पाठीवर ती सॅक चढली की कमरेचा पट्टा मांडीवर येतो, खांद्याचे पट्टे छातीला काचतात, आणि वरचं टोक डोक्याच्या मागे असं उभं राहतं की मान वर करून पुढचा कातळ बघताही येत नाही. पहिल्या चढाला ती मागे पडते. मग लीडर मोठ्या मनानं म्हणतो, ‘ए, हिची सॅक कुणीतरी घ्या रे.’ घेणाऱ्याचं कौतुक होतं, देणारीला दिवसभर ओशाळं वाटतं, आणि ‘मुलींना झेपत नाही’ या समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो. तिला झेपत होतं. सॅक तिच्या मापाची नव्हती. लहान मापाच्या आणि बायकांच्या बांध्यासाठी बनवलेल्या सॅक आता आपल्याकडेही मिळतात. त्यांचे खांद्याचे पट्टे आतल्या बाजूला वळलेले असतात आणि कमरेच्या पट्ट्याचा कोन वेगळा असतो. भाड्यानं सॅक देणाऱ्यांनी चार मापं ठेवायला काय हरकत आहे? बूट तर ते नंबरवार देतात.

भरण्याची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे माणूस पडू शकतो. राजगड-तोरणा-रायगड हा ट्रेक घ्या. तोरण्याहून भट्टी, गेळगाणी करत मोहरीला आलात, आणि कोकणात उतरायला बोराट्याची नाळ धरलीत. ही नाळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांची घळ. धोंड्याला हात लावून, बसून, वळून उतरावं लागतं. पुढे लिंगाण्याच्या खिंडीकडे जाताना कातळाच्या कडेनं एक आडवी वाट आहे, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला मोकळी दरी. तिथे दृष्टिभय आहे. आता या आडव्या वाटेवर सॅकच्या बाहेर आडवी बांधलेली कॅरीमॅट विचार करून पाहा. तुम्ही भिंतीला चिकटून पाऊल टाकता, कॅरीमॅटचं टोक भिंतीला टेकतं आणि भिंत तुम्हाला हलकेच दरीकडे ढकलते. ढकलणं फार नसतं, दोन इंचांचं असतं. त्या जागी दोन इंच पुरतात. म्हणून कॅरीमॅट उभी बांधा, किंवा घडीची घ्या, किंवा गोल उलगडून सॅकच्या आत अस्तरासारखी बसवा आणि सामान तिच्या पोटात भरा. बाहेर लटकणारा मग, बाहेर वाळत घातलेला टॉवेल, बाहेर बांधलेले जास्तीचे बूट, यांतलं काहीही नको. करवंदीच्या जाळीतून जाताना ते अडकतं, आणि उतारावर प्रत्येक पावलाला हेलकावा देतं.

आतली रचना पाठ करायची गरज नाही, कारण समजलं की पुरतं. वजन पाठीपासून जितकं लांब, तितकी सॅक तुम्हाला मागे खेचते, आणि तो ओढा तोडायला तुम्ही पुढे वाकता. दिवसभर वाकून चाललेली पाठ संध्याकाळी दुखणारच. म्हणून जड वस्तू, म्हणजे पाणी, शिधा, स्टोव्ह, पाठीला लागून आणि खांद्याच्या पात्यांच्या मधल्या उंचीवर. स्लीपिंग बॅग तळाला, कारण ती हलकी असते आणि रात्रीपर्यंत लागत नाही. कपडे बाहेरच्या बाजूला आणि फटी बुजवायला. पोंचो, टॉर्च आणि औषधं वर. टॉर्च तळाला टाकून ‘अंधार व्हायच्या आत पोहोचू’ म्हणणारे लोक मी इतके पाहिलेत की त्यांची एक वेगळी संघटना निघेल. नाळेत उतरताना जड सामान एक वीत खाली घेतलं तर तोल जास्त सांभाळतो. मात्र उजवी-डावी बाजू समान हवीच. एका कुशीला दोन लिटर पाणी आणि दुसऱ्या कुशीला रुमाल असं भरलं की माणूस पालखीच्या भोयासारखा एका खांद्यानं चालायला लागतो. चढताना कमरेचा पट्टा आवळा, घसाऱ्यावर उतरताना खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे ओढून सॅक अंगाला चिकटवा. आणि पावसाचं म्हणाल तर बाहेरच्या कव्हरवर विश्वास ठेवू नका. पाठीवरून ओघळणारं पाणी कव्हरच्या आतच शिरतं. कचऱ्यासाठी मिळते तसली मोठी जाड प्लास्टिकची पिशवी सॅकच्या आत अस्तर म्हणून घाला, कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग तिच्यात. वीस-तीस रुपयांत काम होतं.

हे सगळं झाल्यावर प्रश्न उरतो, किती? हिवाळ्यात रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड, असा तीन दिवसांचा ट्रेक धरू. साधी स्लीपिंग बॅग सव्वा किलोच्या आसपास, कॅरीमॅट 300 ग्रॅम, कोरड्या कपड्यांचा एक जोड 600, अंगावर चढवायला गरम काहीतरी 500, विंडचीटर 300. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, यात सूट नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिवडा असा कोरडा शिधा दीड किलो. टॉर्च, औषधं, ताटली-मग, दात घासायचं सामान, एक पॉवर बँक मिळून 900 ग्रॅम. 45 ते 50 लिटरची सॅक स्वतः 1,400 ग्रॅम. बेरीज करा, पावणेदहा किलोंच्या आसपास येते. त्यात ग्रुपच्या सामानातला तुमचा वाटा एक-दीड किलो. वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं नको असा डोंगरात चालणाऱ्यांचा जुना आडाखा आहे, आणि 60 किलोच्या माणसासाठी तो 12 किलो होतो. बसलं की आत. (2020 च्या धोरणानुसार शाळेच्या दप्तराला मर्यादा विद्यार्थ्याच्या वजनाच्या 10 टक्के आहे. दप्तराबद्दल आपण पालकसभेत भांडतो आणि सॅकबद्दल फुशारकी मारतो.) आणि कुमशेत किंवा पाचनईत कुणाच्या घरी पैसे देऊन पिठलं-भाकरी खायचं ठरवलंत, तर शिध्याचा किलोभर आणखी कमी होईल. शहरातून मॅगीची पाकिटं वाहून न्यायची, ती गावाच्या अंगणात शिजवायची आणि रिकामी पाकिटं गावातच टाकून यायची, ही पद्धत मला कधीच कळली नाही.

आता फुशारकीकडे वळू. प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी सिनियर असतो ज्याची सॅक 22 किलोंची असते आणि तो आकडा तो स्वतःच सांगतो. ‘आमच्या वेळी’ हा त्याचा आवडता शब्दप्रयोग. त्याच्या वेळी कॅनव्हासची हॅवरसॅक होती, दोर जाड होते, स्टोव्ह रॉकेलचा होता, पायथ्यापर्यंत रस्ता नव्हता. तेव्हा ओझं जास्त होतं कारण इलाज नव्हता. आज इलाज असताना तेवढंच ओझं वाहणं याला पराक्रम कसं म्हणायचं? सुळक्यावर चढाई करायला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दोर, मेखा, हातोडा न्यावाच लागतो. ट्रेकरनं त्यांचा थाट आणायची गरज नाही.

आणि स्पर्धाच करायची असेल तर ती आपण केव्हाच हरलो आहोत. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजारकडे माल वाहणाऱ्या नेपाळी हमालांचा अभ्यास 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के ओझं वाहत होते आणि बायका 66 टक्के. पाठीवर बांबूचा डोको, त्याचा पट्टा कपाळावर. ते हळू चालतात, पुनःपुन्हा थांबतात, थांबताना हातातली टी आकाराची काठी डोकोखाली टेकवून उभ्याउभ्या विसावतात. आपल्याकडे डोक्यावर चुंबळ ठेवून दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन टेकाड चढणारी बाई तरी काय वेगळं करते? 15 लिटरचा हंडा म्हणजे भांडं सोडून 15 किलो. ती ट्रेकरच्या भाषेत सांगायची तर दिवसातून चार खेपांचा ट्रेक करते. तिला कुणी सर्टिफिकेट देत नाही. त्यामुळे 22 किलोंची बढाई गडाच्या पायथ्याच्या वाडीत तरी मारू नये.

दुसऱ्या टोकाला नवे हलकेवाले आहेत. टायटॅनियमचा मग, कापून आखूड केलेला टूथब्रश, परदेशातून मागवलेला अर्ध्या किलोचा टेंट. हलकं असावं हे मला मान्य आहे, पण हलकेपण हीसुद्धा विकायची वस्तू झाली आहे. 1955 मध्ये अमेरिकेत एमा गेटवूड नावाची 67 वर्षांची, अकरा मुलांची आई अ‍ॅपलाचियन ट्रेल ही साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासची वाट एकटी चालून गेली. खांद्यावर तिनं घरी शिवलेली डेनिमची पिशवी होती, पायात साधे कापडी बूट, पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. तिचं ओझं क्वचितच नऊ किलोंवर गेलं. तिनं विकत काही हलकं घेतलं नव्हतं, जवळच कमी घेतलं होतं. तुम्ही पडदा घेऊन निघा असं मी म्हणणार नाही, सह्याद्रीत जुलैत तो पंधरा मिनिटं टिकणार नाही. पण 300 ग्रॅम वाचवायला दहा हजार रुपये खर्च करण्याआधी सॅकमधली जीन्स काढा.

या हलकेवाल्यांत एक जात फारच चलाख आहे. यांची सॅक पाच किलोंची असते कारण यांच्याकडे एकच बाटली पाणी असतं. दुपारी यांचं पाणी संपतं आणि मग ते दुसऱ्याच्या बाटलीकडे बघतात. यांच्याकडे बँड-एड नसतं, सेल नसतात, स्वेटर नसतो. ग्रुपचा टोप कोण घेणार या प्रश्नाच्या वेळी हे बुटाची लेस बांधत असतात. पाणी, उजेड, ऊब आणि औषध यांत काटकसर करणाऱ्यानं ओझं कमी केलेलं नसतं, शेजारच्याच्या सॅकमध्ये टाकलेलं असतं. आणि शेजारचा भिडेपोटी काही बोलत नाही.

हीच भीड पैशानं सोडवायची सोय म्हणजे हिमालयातलं ऑफलोडिंग. पुण्या-मुंबईची पोरं मे महिन्यात उत्तराखंड-हिमाचलच्या ट्रेकला जातात. बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना असतो : बॅग ऑफलोड करायची आहे का? दिवसाला काही शे रुपये. टिक केलं की मोठी बॅग खेचराच्या पाठीवर जाते, आणि आपण पाण्याची बाटली, सनग्लासेस आणि कॅमेरा घेऊन निघतो. ‘ऑफलोड’ हा शब्द मोठा लबाड आहे. ऐकताना वाटतं ओझं उतरलं. ते उतरलेलं नसतं, शंभर पावलं पुढे चाललेलं असतं.

2022 च्या केदारनाथ यात्रेत घोडी-खेचरं मरून पडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, व्हिडिओ पाहिले, चुकचुकलो. ती यात्रा होती, आम्ही तर निसर्गप्रेमी ट्रेकर, असं म्हणून सुटका करून घेतली. खेचराला दोन्हींतला फरक कळत नाही. त्याच्या पाठीवर भाविक बसला काय किंवा तुमच्या डिओच्या बाटल्या बसल्या काय. आणि बुग्यालांचं काय? झाडांच्या रेषेच्या वरची ती गवताळ मैदानं वर्षातले बरेच महिने बर्फाखाली असतात, तिथलं गवत हळूहळू वाढतं, आणि ओल्या मातीत खुरानं उकरलेली वाट लवकर भरून येत नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणली. तेव्हा ट्रेकरांच्या ग्रुपांवर ओरड झाली की आमची रूपकुंडची वाट बंद केली. ती मैदानं कुणाच्या सामानाखाली झिजत होती, यावर बोललेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते वरवर चांगलं वाटतं : ‘आम्ही बॅगा दिल्या नाहीत तर त्या लोकांचं पोट कसं चालणार?’ प्रश्न खरा आहे. त्या गावांमध्ये दुसरं काम कमी आहे, सीझन थोडका असतो. पण याच उत्तराच्या आडून आपण आपल्या जास्तीच्या जीन्सला रोजगार हमी योजना बनवतो. टेंट, स्वयंपाकाचं सामान, सिलिंडर, किराणा हे सगळं वाहायला माणसं आणि जनावरं लागतातच, तो रोजगार तुमच्या वैयक्तिक बॅगेवर अवलंबून नाही. आणि पोटाचीच काळजी असेल तर ऑफलोडिंगचे पैसे थेट त्या गावच्या वाटाड्याला द्या, त्याच्या घरी दोन दिवस जास्त राहा. गुडघ्याचं दुखणं असेल, पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, वय झालेलं असेल, तर हमाल जरूर घ्या. पण मग त्याला कामगार माना. त्याच्या ओझ्याला मर्यादा हवी, पायात धड बूट हवेत, रात्री झोपायला कोरडी जागा हवी, आजारी पडला तर खाली नेणारं कुणी हवं. 1997 मध्ये नेपाळात एका ट्रेकिंग ग्रुपबरोबरचा तरुण हमाल विरळ हवेनं आजारी पडला. त्याचा हिशेब चुकता करून त्याला एकट्यालाच खाली पाठवलं गेलं. तो मेला. त्यानंतर इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप ही संस्था उभी राहिली. किलिमांजारोवर हमालाच्या ओझ्याला 20 किलोंची मर्यादा आहे आणि प्रवेशद्वारावर ओझी काट्यावर चढतात. पेरूमधल्या इंका ट्रेलवरही आधी ओझ्याला धरबंध नव्हता, 2001 मध्ये तिथे हमालांसाठी कायदा झाला. म्हणजे हे करता येतं. काटा लागतो आणि तो वाचायची इच्छा लागते.

आपल्याकडे काटा फक्त ग्राहकाच्या बॅगेला लागतो. नऊ-दहा किलोंच्या वर गेली की जास्तीचे पैसे. एका खेचरावर अशा किती बॅगा चढल्या, ते कोण मोजतं?

तेव्हा दोन कामं करा. या शनिवारी सॅक भरा, घरातल्या वजनकाट्यावर आधी सॅकसकट आणि मग सॅकशिवाय उभे राहा, आणि आकडा लिहून ठेवा. ती घेऊन पर्वती किंवा कान्हेरीची टेकडी, जे जवळ असेल ते, दोनदा चढा-उतरा. उतरल्यावर खांद्यांवर लाल वळ दिसले तर पट्टे आणि माप पुन्हा बघा. ट्रेक करून परत आलात की सॅक पलंगावर उलटी करा आणि जी वस्तू एकदाही हातात घेतली नाही ती बाजूला काढा. औषधांचा डबा आणि पोंचो यांना यातून वगळा, बाकी कुणाला नाही.

दुसरं काम हिमालयाच्या बुकिंगआधीचं. कंपनीला मेल लिहा, तीन ओळींचा. एका खेचरावर जास्तीत जास्त किती किलो चढवता? खेचरवाले आणि हमाल रात्री कुठे झोपतात? वाटेत त्यांच्यापैकी कुणी आजारी पडलं तर त्याला खाली कोण नेतं आणि खर्च कोण देतं? उत्तर आलं नाही, किंवा ‘काळजी करू नका सर, सगळी व्यवस्था असते’ एवढंच आलं, तर अ‍ॅडव्हान्स भरू नका.